कार्डावरची तारीख

एरवी आपण इथे शुगर, थायरॉईड, ॲसिडिटी किंवा आईवडिलांची गुडघेदुखी यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तोही तब्येतीचाच आहे. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या निर्वासितांना सरकारकडून काय मिळतं, काय मिळत नाही, आणि त्याचा त्यांच्या रक्तदाबाशी, लिव्हरशी, मुलांच्या वाढीशी काय संबंध असतो, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्यातले काही जण भारतात आहेत, काही माझ्यासारखे मेलबर्न किंवा सिडनीत. या लोकांबद्दल आपल्या मनात जे चित्र असतं ते बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून आलेलं असतं: "सरकार यांना घर देतं, पगार देतं, आपल्या पेन्शनरांना मात्र काही नाही." माझ्या कन्सल्टिंग रूममधून दिसणारं चित्र वेगळं आहे.

मी मेलबर्नच्या आग्नेय भागात, डँडेनाँगजवळ प्रॅक्टिस करतो. इथल्या मराठी मंडळींना हे गाव पाठ असतं. फॉस्टर स्ट्रीटवर 'लिटल इंडिया' आहे, तिथे जाड पोहे, भगर, कुळीथ सगळं मिळतं. तिथून चालत काही मिनिटांवर थॉमस स्ट्रीटला 'अफगाण बाजार' आहे. शनिवारी आपण एका बाजूला पिशव्या भरून गाडीत बसतो आणि घरी येतो. दुसऱ्या बाजूला नान विकत घेणारा माणूस कोण, कधी आला, कसा आला, हे विचारायची वेळ येत नाही. माझ्या वेटिंग रूममध्ये मात्र दोन्ही बाजू शेजारी बसतात. पुण्याहून आलेल्या आजी, त्यांच्या पलीकडे अफगाणिस्तानातले हजारा, मग श्रीलंकेतले तमिळ, इराणी, रोहिंग्या.

आधी 'तात्पुरता' म्हणजे काय ते समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

व्हिसाशिवाय ऑस्ट्रेलियात आलेल्या, मुख्यतः बोटीने आलेल्या लोकांसाठी १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तात्पुरता संरक्षण व्हिसा सुरू झाला. २००८ मध्ये सरकार बदलल्यावर तो बंद झाला आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून परत आला. या वेळी त्याचे दोन प्रकार होते, एक तीन वर्षांचा आणि दुसरा पाच वर्षांचा. तो मिळायच्या आधी, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत, माणूस 'ब्रिजिंग व्हिसा'वर असतो. तो बऱ्याचदा काही महिन्यांचाच असतो आणि पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. २०१२ च्या ऑगस्टनंतर सुमारे दीड वर्षात बोटीने आलेल्या साधारण ३०,००० लोकांची आयुष्यं या व्यवस्थेत अडकली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तीन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळालेला माणूस 'निर्वासित' ठरलेला असतो. मायदेशी याच्या जिवाला धोका आहे हे सरकारने तपासून मान्य केलेलं असतं. तरीही २०२३ पर्यंत मुदत संपत आली की हाच धोका त्याला पुन्हा सिद्ध करावा लागे. या काळात बायकोमुलांना बोलावता येत नाही. परदेशी जायचं तर सरकारची लेखी परवानगी लागते, आणि ज्या देशातून पळून आला तिथे जायला पूर्ण मनाई असते.

"आमचाही व्हिसा तात्पुरताच होता की, डॉक्टर," असं मला आपलेच लोक म्हणतात. खरं आहे. मीही इथे तात्पुरत्या व्हिसावरच आलो होतो, आणि कायमचं पत्र येईपर्यंत पोटात गोळा असायचा. पण माझं काम फसलं असतं तर मी परत आलो असतो, आईच्या हातचं जेवलो असतो आणि एखाद्या हॉस्पिटलात नोकरी धरली असती. दिवाळीला घरी जाता येणं ही केवढी मोठी सोय आहे हे आपल्याला कळत नाही, कारण ती कधी कोणी काढून घेतलेली नसते.

आता सरकारी मदतीबद्दल. तीन किंवा पाच वर्षांच्या व्हिसावरच्या माणसाला मेडिकेअर मिळतं, म्हणजे सरकारी आरोग्य विमा. त्यात जीपीकडे बिल न भरता दाखवता येतं, सरकारी हॉस्पिटल मोफत, औषधं सवलतीत. काम करायची परवानगी असते. काम नसेल तर 'स्पेशल बेनिफिट' नावाचा भत्ता असतो. पण त्याचं गणित बघा: नेहमीच्या बेकारभत्त्यात थोडं कमावलं तरी काही रक्कम हातात राहते, इथे मात्र कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे भत्त्यातला एक डॉलर जातो. आठवड्यातून दोन दिवस कोंबडीच्या कारखान्यात उभं राहणाऱ्या माणसाला महिनाअखेरीस त्याचा काहीच फायदा दिसत नाही. मग तो रोख पैशांवर काम करायला जातो. तिथे सुरक्षेचे हातमोजे नसतात, आणि बोट कापलं तर माझ्याकडे येऊन सांगतो, "घरी सुरी लागली."

ब्रिजिंग व्हिसावरच्यांसाठी वेगळी योजना आहे. ती सरकार स्वतः चालवत नाही, कंत्राटावर सेवासंस्थांकडून चालवून घेतं. त्यातला भत्ता नेहमीच्या बेकारभत्त्याच्या ८९ टक्के असतो. २०१८ मध्ये तिचे निकष कडक झाले. 'काम करण्याजोगा' ठरलेला माणूस बाहेर पडू लागला, मग त्याला इंग्रजी येवो न येवो. या योजनेत नाव असणं म्हणजे निव्वळ पैसे नव्हेत. सोबत एक केसवर्कर असतो, जो फॉर्म भरून देतो, अपॉइंटमेंटची आठवण करतो. डॉक्टर म्हणून मला त्या भत्त्याइतकाच हा केसवर्कर महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी माहीत असलेली सेवा म्हणजे दुभाषा. १३१ ४५० हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि दीडशेहून अधिक भाषांमध्ये दुभाषा मिळतो. मराठीसुद्धा त्यात आहे. आईवडिलांना कायमचं इकडे आणलं असेल आणि इंग्रजी जमत नसेल तर तुम्हीही हे वापरा. दरवेळी सुनेला सुट्टी काढून यायला लावू नका. काही तक्रारी सुनेसमोर सांगता येत नाहीत. आम्हा डॉक्टरांसाठी वेगळी लाईन असते आणि मेडिकेअरच्या पेशंटसाठी ती मोफत आहे.

या दुभाष्यामुळेच मला एक शब्द मिळाला. चाळिशीतला एक हजारा पेशंट होता, रंगकाम करणारा. (या लेखातल्या सगळ्या पेशंटचे तपशील मी ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.) तीन गोळ्या चालू असूनही बीपी १७०/१०५. अशा वेळी आम्ही दुसरं कारण शोधतो: किडनीची रक्तवाहिनी अरुंद आहे का, अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढलं आहे का, घोरतो का. सगळे रिपोर्ट नॉर्मल. गोळ्या घेत होता, मी पाकिटं मोजली होती. फोनवरच्या दुभाष्याला म्हटलं, "त्यांना विचारा, त्यांच्या मते कशामुळे होतंय हे?" तिकडून उत्तर आलं आणि दुभाषी बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "ते 'जिगर-खून' म्हणतात. इंग्रजीत मी डिप्रेशन म्हणेन, पण तेवढं नाही ते." मला भाषांतर लागलं नाही. जिगर म्हणजे काळीज, खून म्हणजे रक्त. काळीज रक्ताळणं. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, "जिवाला घोर लागलाय." तेच.

शरीरात काय होतं ते सांगतो. धोका दिसला की मेंदू ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडायला लावतो. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, लिव्हर साखर रक्तात सोडतं. अंगावर धावून आलेल्या कुत्र्यापासून पळायला हे उत्तम. कुत्रा गेला की हळूहळू सगळं शांत होतं. पण धोका म्हणजे तीन वर्षांनंतरची एक तारीख असेल तर? तो जातही नाही आणि अंगावरही येत नाही. झोप तुटते. तुटलेल्या झोपेने बीपी आणखी वाढतं, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, भूक बिघडते. माणूस जागं राहायला सिगरेट ओढतो आणि झोपायला मिळेल ती गोळी शोधतो. त्यात मागचे अनुभव असतात: तुरुंग, समुद्र, इथलं डिटेन्शन सेंटर. माझ्या या पेशंटचे बीपीचे आकडे मी एकदा कॉम्प्युटरवर सलग काढून पाहिले. व्हिसा संपायच्या आधीच्या महिन्यांत ते ठळकपणे चढलेले होते.

एका पेशंटवरून निष्कर्ष काढू नये हे मी तुम्हाला नेहमी सांगतो, म्हणून हेही सांगतो. सिडनीत राहणाऱ्या मँडियन समाजाच्या निर्वासितांचा अभ्यास २००६ साली ब्रिटनच्या मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मँडियन हा इराक-इराणमधला एक लहान, प्राचीन धर्मसमुदाय. डिटेन्शनमध्ये घालवलेला काळ आणि तात्पुरता व्हिसा, या दोन्ही गोष्टींचा नैराश्य आणि आघातोत्तर तणावाशी स्वतंत्र संबंध आढळला. पूर्वी भोगलेले अत्याचार हिशेबात धरूनही तो उरला. पुढे याच समाजातल्या लोकांना कायमचा व्हिसा मिळाल्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा लक्षणं कमी झालेली दिसली. पहिल्या पाहणीपेक्षा ही दुसरी मला जास्त बोलकी वाटते.

आता लिव्हरची गोष्ट. हिपॅटायटिस बी हा आजार जगाच्या अनेक भागांत आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. तो रोज एका गोळीने ताब्यात राहतो. पण ही गोळी मनाने बंद करायची नसते. दाबून ठेवलेला विषाणू उसळतो आणि कधीकधी लिव्हर निकामी होईपर्यंत जातो. ब्रिजिंग व्हिसावरचा एक तरुण ही गोळी घेत होता. व्हिसा वाढायला वेळ लागला, अर्ज कुठेतरी अडकला, आणि मेडिकेअर कार्डाची तारीख व्हिसाला बांधलेली असल्यामुळे तेही संपलं. औषधाच्या दुकानात त्याला पूर्ण किंमत सांगितली गेली. तो "ठीक आहे" म्हणून परत फिरला. मला सांगितलं नाही, कारण कार्ड संपलं म्हणजे माझ्याकडेही यायचं नाही अशी त्याची समजूत होती. दोन महिन्यांनी शेजारी घेऊन आले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे. लिव्हरचं जे एन्झाइम चाळीसच्या आत असायला हवं ते दोन हजारांच्या वर.

तो वाचला. त्याला सरकारी हॉस्पिटलात दाखल केलं गेलं आणि बिल आलं नाही, कारण व्हिक्टोरिया राज्यात आश्रय मागणाऱ्यांवर मेडिकेअर नसलं तरी सरकारी हॉस्पिटलात मोफत उपचार होतात. म्हणजे सोय होतीच. तिच्यापर्यंत पोचायला त्याला दोन महिने आणि एक कावीळ लागली. सरकारी मदतीबद्दल बोलताना आपण 'मिळते की नाही' एवढंच विचारतो. ज्याच्या हातातल्या कागदावर तारीख आहे तो मागायलाच घाबरतो. काही मागितलं तर आपलं नाव कुठेतरी लिहून ठेवतील, पुढच्या वेळी ते आड येईल, अशी भीती. मी कितीही सांगितलं तरी ती पूर्ण जात नाही. ज्या देशातून तो आला तिथे सरकारी माणसाने नाव लिहून घेणं म्हणजे काय होतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. पाच वर्षांच्या व्हिसावरचं एक तमिळ कुटुंब. मुलगा इथेच जन्मला, दिवस भरायच्या आधी. सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय ताठ. इथे जन्मला म्हणून नागरिक होत नाही. जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी एक तरी नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. ऑस्ट्रेलियात अपंगांसाठी एनडीआयएस नावाची राष्ट्रीय योजना आहे आणि ती खरंच चांगली आहे. फिजिओथेरपी, वॉकर, घरात रॅम्प, सगळं तिच्यातून मिळतं. पण त्यासाठी नागरिकत्व किंवा कायमचा व्हिसा लागतो. या मुलाला मेडिकेअरमधून मी वर्षाला पाच भेटी लिहून देऊ शकत होतो. पाच. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सगळे मिळून पाच. त्याशिवाय सरकारी हॉस्पिटलची ओपीडी, तिच्या वेटिंग लिस्टसह.

ताठ स्नायूचा नियम सोपा आहे. हाड वाढत जातं आणि रोज न ताणलेला स्नायू त्या वेगाने वाढत नाही. मग टाच वर उचलली जाते, गुडघा वाकलेला राहतो, खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. वय वर्षं दोन ते सात ही जी वर्षं असतात ती सातव्या वर्षी परत करता येत नाहीत. त्याच्या आईने घरीच ताणाचे व्यायाम शिकून घेतले आणि रोज केले. तिने केलं नसतं तर काय झालं असतं ते मला बोलवत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने जाहीर केलं की अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या सुमारे १९,००० लोकांना कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येईल. त्या आठवड्यात माझ्या क्लिनिकमध्ये लोक आजारी नसताना येत होते. एकाने बदामाचा डबा आणला. या मुलाच्या कुटुंबाला काही महिन्यांनी व्हिसा मिळाला, मग एनडीआयएस. आता दर आठवड्याला फिजिओ येते, वॉकर आहे, शाळेत मदतनीस आहे. टाचेचं ऑपरेशन मात्र करावं लागलं. रंगकाम करणारे माझे पेशंट तीनवरून दोन गोळ्यांवर आले. बीपी १३४/८४. रात्रीची स्वप्नं अजून येतात, त्यासाठी ते फाउंडेशन हाउसला जातात. छळ आणि आघात सोसलेल्यांसाठी १९८७ पासून मेलबर्नमध्ये काम करणारी ही संस्था आहे. सिडनीत असंच काम 'स्टार्ट्स' करते. ते घरून निघाले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. आता तो बापापेक्षा उंच आहे, फोटोत.

ज्यांचे अर्ज आधीच नाकारले गेले होते ते हजारो लोक या निर्णयाच्या बाहेर राहिले. ते अजून ब्रिजिंग व्हिसावर आहेत, काही दहा वर्षांहून जास्त काळ. त्यांना मी व्हिसाबद्दल सल्ला देत नाही. इथे कायद्याने तो फक्त नोंदणीकृत एजंट किंवा वकीलच देऊ शकतो, आणि तुमच्यापैकीही कुणी प्रेमापोटी देऊ नका. चुकीच्या फॉर्मने होणारं नुकसान गोळीने भरून येत नाही.

पण तब्येतीपुरतं करता येण्याजोगं बरंच आहे. तुमच्या रेस्टॉरंटमध्ये, गोदामात, बांधकामावर असा कुणी काम करत असेल तर त्याला एवढंच विचारा: मेडिकेअर कार्ड कधीपर्यंत आहे? व्हिसा वाढल्याचं पत्र आलं की त्याच दिवशी कार्ड नवीन करून घ्यायचं. कार्ड संपलं तरी नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं आणि तसं स्पष्ट सांगायचं. गोळ्या संपत आल्या असतील तर ते आधी सांगायचं, संपल्यावर नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलची बरीच औषधं एका वेळी साठ दिवसांची देता येतात. कार्डाची तारीख जवळ आली असेल तर मी ती साठ दिवसांचीच लिहितो. आमच्या रिसेप्शनवर अशा पेशंटची एक यादी आहे. तारखेच्या सहा आठवडे आधी त्यांना फोन जातो, दुभाष्यासह. पुढच्या आठवड्यात त्यातले चार फोन करायचे आहेत.